जुनी जी.आय. पाइप: डागडुजी करावी की सीपीव्हीसी टाकावी?

सोसायटीतील पाण्याच्या जुन्या पाइप बदलायच्या की नाही, हा प्रश्न बहुधा गळती लागल्यावरच सभेपुढे येतो, परंतु जी.आय. पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेली लोखंडी पाइप, त्याच्या कितीतरी आधीपासून खुणा दाखवत असते. रात्रभर साचलेले पाणी सकाळी तांबूस येऊन बादलीभर सोडल्यावर निवळत असेल, तर गंज बहुधा घराच्याच लाइनमध्ये असतो. दिवसभर तांबूस येत असेल, तर आधी टाकी पाहावी.

बाहेरचा रंग मात्र फसवा असतो. आमच्या डक्टमधून कापून काढलेला एक इंची तुकडा बाहेरून धडधाकट होता, पण आत गंजाच्या गाठी अशा वाढल्या होत्या की पेन्सिल जेमतेम शिरली. म्हणून कोटेशन मागवण्यापूर्वी एक तुकडा कापून पाहावाच. आतून पाइप मोकळी असून गळती फक्त सांध्याशी असेल, तर तेवढाच भाग बदलणे पुरते. आटे पाडताना तिथली जाडी कमी होते, जस्ताचा थरही कापला जातो आणि गंज तिथूनच शिरतो. आतच गाठी असतील, तर क्लॅम्प आणि एम-सीलवरचा खर्च वाया जातो.

सीपीव्हीसी ही प्लॅस्टिकची पाइप गंजत नाही आणि सुमारे ९३ अंश सेल्सिअसपर्यंतचे पाणी सोसते, उलट जी.आय.मधील जस्ताचे संरक्षण साधारण ६० अंशांच्या वर भरवशाचे राहत नाही, त्यामुळे गिझरच्या लाइनसाठी माझी पसंती सीपीव्हीसीलाच आहे. तिचा दोष असा की ती तांबूस पाण्यासारखी आगाऊ सूचना देत नाही: सोल्व्हंट (सांधे चिकटवण्याचा द्रव) सुकण्याआधीच पाणी सोडलेला सांधा किंवा आवळून बसवलेला क्लॅम्प पुढे एखाद्या दिवशी अचानक दगा देतो. तापल्यावर ती लोखंडाच्या सुमारे पाचपट लांबते, तेव्हा तिला सरकायला जागा ठेवावी लागते. स्वस्त यूपीव्हीसी केवळ थंड पाण्यासाठी असते, म्हणून गिझरची पाइप भिंतीत बुजवण्यापूर्वी तिच्यावरचा छापील मजकूर स्वतः वाचावा.

गच्चीवर, जिथे ऊन लागते आणि येणारे-जाणारे पाइपवर पाय देतात, तिथे मी अजूनही जी.आय.च घेईन, आणि तीही लाल पट्टीची सी क्लास. निळ्या पट्टीची बी क्लास तिच्याहून पातळ असते.