पुण्यातलं नावाजलेलं कॉलेज: तीन सेमिस्टरनंतर सोलापूरच्या मुलीचा अनुभव

बारावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या गल्लीत एकच प्रश्न होता, "पुण्याला मिळालं का?" मिळालं. बीएस्सी, संख्याशास्त्र. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ज्याचं नाव ऐकल्यावर सोलापुरातले काका-मामा मान डोलावतात, त्यातलं एक. तीन सेमिस्टर झाली, गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आले आहे आणि बहिणीच्या मैत्रिणी रोज विचारायला येतात, ताई, जाऊ का? त्यांना तोंडी सांगते आहे तेच इथे लिहिते.

आधी शिकवण्याबद्दल, कारण त्याच्यासाठीच पप्पांनी ठेव मोडली.

पहिल्या सेमिस्टरला एक मॅडम होत्या. संभाव्यतेच्या पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, घरी जाऊन शंभर वेळा नाणं उडवा आणि छापा-काटा ओळीने लिहून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या चाळता चाळता त्यांनी अकरा वह्या बाजूला काढल्या. "या मुलांनी नाणं उडवलेलं नाही, मनाने लिहिलंय." वर्ग गार. मग त्यांनी फळ्यावर समजावलं: माणूस मनाने लिहितो तेव्हा सलग पाच छापे लिहायला त्याचा हात धजत नाही. खरं नाणं मात्र शंभरात कुठे ना कुठे लागोपाठ पाच वेळा एकच बाजू दाखवतं, आणि असं होण्याची शक्यता 97 टक्क्यांच्या आसपास असते. त्या तासानंतर विषय माझा झाला. एवढ्या एका तासासाठीही मी पुन्हा पुण्याला जाईन.

पण अशा मॅडम एकच. दुसरे एक सर चांगले होते, बाकी तासांना पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवल्या जायच्या. एका विषयाला सेमिस्टरभरात तीन शिक्षक बदलले, कारण ते तासिका तत्त्वावर होते. तासाप्रमाणे मानधन, तेही उशिरा. दुसरीकडे काम मिळालं की माणूस जाणारच. त्यांच्यावर माझा राग नाही. राग याचा आहे की माहितीपुस्तिकेत ही गोष्ट कुठेच नसते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आम्हाला सेमिस्टरला 22 क्रेडिट आहेत, त्यात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचा एक विषय, 'आवडीनुसार' घ्यायचा. अर्ज उघडल्यावर दहा मिनिटांत हवे ते विषय भरले आणि जो उरला तो मी शिकले.

प्रॅक्टिकलला दोघींत एक संगणक. माझी जोडीदार भराभर टाइप करायची, मी बघायची. आर नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर आम्हाला शिकवतात, पण त्यातली पहिली ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली ती दुसऱ्या सेमिस्टरला, खोलीवर, उसन्या लॅपटॉपवर.

माझी शाळेपासूनची मैत्रीण सोलापुरातच राहिली. तिलाही संख्याशास्त्रच. तिच्या वर्गात अठरा जण. तिच्या सरांनी तिला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात पाठवलं. दर पाळीला पाच टॉवेल काढायचे, वजन करायचं, वहीत लिहायचं. पाचांची सरासरी, सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यातला फरक, त्यावरून नियंत्रण आलेख, म्हणजे वजनं वरच्या-खालच्या मर्यादेच्या रेषांत राहतात का हे दाखवणारा. त्या रेषा ठरवायला पाचच्या नमुन्याला लागणारा 0.577 हा गुणक आम्ही दोघींनी पाठ केला आहे. तिला तो टॉवेलाच्या वजनावरून माहीत आहे, मला परीक्षेतल्या तक्त्यावरून. एका पाळीचे ठिपके वरच्या रेषेबाहेर गेले तेव्हा तिने मुकादमाला दाखवलं आणि माग तपासला गेला. मी ते ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगते.

मग पुण्याच्या नावात आहे काय? मुलं आहेत. प्रवेशाची यादीच इतकी वर थांबते की वर्गात जी येतात ती आधीच तयारीची असतात, आणि कॉलेजचे निकाल त्यांच्यामुळे चांगले लागतात. रात्री आठनंतर अभ्यासिकेत तिसऱ्या वर्षाच्या ताई-दादांचं एक टेबल असतं. तिथे मी पहिल्यांदा बसले तेव्हा "काय करलालीस?" असं आपलं सोलापुरी बोलून गेले आणि दोघी हसल्या. महिनाभर मी तोंड उघडलं नाही. पुढे त्यातल्याच एका ताईने तीन रात्री बसून मला प्रसामान्य वितरण (नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन) असं समजावलं की तासाला जे महिनाभरात झालं नव्हतं ते झालं. आयएसआयच्या, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या, एमस्टॅट या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी दुसऱ्या वर्षापासून करायची असते, हेसुद्धा मला त्या टेबलावर कळलं. सोलापुरात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारी माणसं समोर नव्हती.

क्रमवारीचं विचाराल तर एनआयआरएफ ही केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी 2016 पासून निघते. तिच्या पाच निकषांपैकी एक म्हणजे 'प्रतिमा', त्याला 10 टक्के भार, आणि ती नोकरी देणाऱ्यांना व इतर प्राध्यापकांना विचारून ठरते. पीएचडी झालेले शिक्षक किती, हेही मोजतात. पण तो शिक्षक पहिल्या वर्षाच्या तासाला येतो का, हे त्या आकड्यात दिसत नाही. आमच्या घरी चादर घेताना पप्पा आधी ती उलटी करतात, मागची वीण बघतात, मग पुढची नक्षी. कॉलेज उलटं करून बघायचं कुणी मला सुचवलं नाही.

खर्च: वसतिगृह पहिल्या वर्षी मिळालं नाही. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचे, महिन्याला साडेपाच हजार, मेस साडेतीन हजार, वर पुस्तकं आणि प्रवास. हुतात्मा एक्सप्रेसने चार तासांत घर येतं म्हणून महिन्यातून एकदा येते, नाहीतर तेही परवडलं नसतं. या खर्चाच्या मानाने फी काहीच नाही. आणि एक गोष्ट पालकांना माहीत नसते: कॉलेज स्वायत्त असलं तरी पदवी विद्यापीठाचीच मिळते.

म्हणून बहिणीच्या मैत्रिणींना सांगते, प्रवेशाआधी एखाद्या कामाच्या दिवशी जा. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा: कायम शिक्षक किती, प्रॅक्टिकलच्या बॅचला किती जण, अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी. तुम्ही अनोळखी टेबलावर जाऊन बसू शकत असाल तर जा, पुणे भरभरून देईल. कुणीतरी धरून शिकवलं पाहिजे असं असेल तर सोलापुरातला अठरा जणांचा वर्ग घ्या. कमीपणा मानू नका.

मी परत जाणार आहे. मैत्रिणीने टॉवेलांच्या वजनांची तिची वही मला दिली आहे, पाळीवार, शाईने लिहिलेली. सोमवारी रात्री ती त्या टेबलावर उघडायची आहे. तिसऱ्या पाळीची वजनं शनिवारीच का वाढतात, हे तिला अजून सापडलेलं नाही.