पोटातल्या जिवाणूंची चाचणी आणि आंबील: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या श्रावणात मला टायफॉईड झाला. अँटिबायोटिकचा कोर्स पुरा केला, ताप गेला, पण पोट काही जागेवर येईना. सकाळी तीन-तीनदा जावं लागायचं, जेवण झालं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. महिनाअखेरीला खुर्चीवरून हलता येत नाही, त्यामुळे रडकुंडीला आले होते.

तेव्हा पोटातल्या जिवाणूंची एक घरगुती चाचणी ऑनलाइन मागवली. साधारण नऊ हजार रुपये. डब्यात कागदाची झोळी, झाकणालाच चमचा असलेली छोटी नळी आणि नळीत थोडं द्रव. त्या द्रवामुळे शौचाचा नमुना फ्रिजबाहेरही टिकतो. वाटाण्याएवढा नमुना घालून नळी हलवायची आणि कुरिअरला द्यायची. प्रयोगशाळेत जिवाणूंच्या '१६एस' जनुकाचा तुकडा वाचतात आणि कोणत्या गटाचे जिवाणू किती प्रमाणात आहेत ते काढतात. इथवर सगळं खरं शास्त्र आहे.

महिन्याभराने रंगीत अहवाल आला. 'विविधता: शंभरपैकी ५४', लाल-हिरवी वर्तुळं आणि शेवटच्या पानांवर त्याच कंपनीची पावडर, दरमहा दोन हजारांची. पावडर घेतली नाही, पण 'हे भरपूर खा' ही यादी मनोभावे पाळली: कच्चा कांदा, लसूण, राजमा, हरभरा. तीन आठवड्यांत पोट दुप्पट फुगायला लागलं. रात्री डाव्या कुशीवर झोपता येईना.

शेवटी पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. आधी जायला हवं होतं, हे मनापासून सांगते. त्यांनी रक्त, थायरॉईड, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या सीलिॲक आजाराची तपासणी आणि शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन करून घेतलं. आतड्याला सूज असेल तर ते वाढतं. सगळं नॉर्मल आलं. निदान झालं: संसर्गानंतरचा आयबीएस, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही पोट बिघडलेलं आणि नाजूक राहतं तो त्रास. आतड्याच्या संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला हा त्रास मागे राहतो म्हणे. कांदा-लसणातल्या फ्रुक्टानवर (आपल्याला न पचणारा एक तंतुमय घटक) चांगले जिवाणू पोसतात हे खरं, पण त्यातूनच गॅस होतो आणि नाजूक झालेल्या आतड्याला तो सोसत नाही. माझा अहवाल पाहून ते म्हणाले, "ताई, निरोगी माणसाच्या पोटात नेमके कोणते जिवाणू किती असावेत, हेच अजून ठरलेलं नाही. मग कमी-जास्त कशावरून म्हणायचं?" २०२४च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने सांगितलंय: डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आपली आपण अशी चाचणी करू नये.

मग सुरू झालं खरं काम. एक वही केली. काय खाल्लं, किती वाजता, शौच कसं झालं, पोट किती फुगलं. एका वेळी एकच बदल, तोही निदान दोन आठवडे. पहिला बदल इसबगोल: रात्री एक चमचा, वर मोठा पेला पाणी. त्याचा गॅस फारसा होत नाही. तीन आठवड्यांत सकाळची धावपळ एकदोन वेळांवर आली.

दुसरा बदल आंबील. माझ्या सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, मालदांडी ज्वारीच्या मुलखातल्या. रात्री दोन चमचे ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी आंबूस वास येतो, वर बारीक बुडबुडे दिसतात. मग जिरं-मीठ घालून शिजवायचं. मी उकळत्या भांड्यातच ताक ओतायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, उकळत्यात घालू नगं, फाटतंय ते. कोमट होऊ दे." त्यांना ताक फाटायची काळजी, पण शिजवताना जिवाणू मरतात आणि जिवंत हवे असतील तर ताक नंतरच घालायला हवं, हे त्यातच आलं. २०२१ साली स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांवर प्रयोग झाला होता. दहा आठवडे दही, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध) असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातली जिवाणूंची विविधता वाढली. आयबीएस बरा होतो असं त्यातून निघत नाही, आणि त्यांचं प्रमाण माझ्या दोन वाट्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. मला मात्र आंबील मानवली. सोलापूरच्या उन्हात दुपारी दुसरं काही घशाखाली उतरतही नाही.

लोणच्यावर भिस्त ठेवली नाही. आपलं कैरीचं लोणचं मीठ-तेलावर टिकतं, ते दह्यासारखं आंबवलेलं नसतं. खायचा सोडा पाण्यातून पिऊन ढेकर मोजणं, ग्लासात थुंकून बुरशी ओळखणं, असले 'नैसर्गिक' प्रकारही मैत्रिणींनी सुचवले. त्यांतून जिवाणूंचं काहीही कळत नाही. उपयोगी पडलं ते मक्याचं कणीस: खाल्ल्यापासून शौचात दाणे दिसेपर्यंत किती तास जातात ते मोजायचं, म्हणजे अन्न पोटातून किती वेगाने पुढे सरकतं ते कळतं. सुरुवातीला माझे चौदा तास होते, आता तीसच्या आसपास असतात.

फेब्रुवारीत हट्टाने तीच चाचणी पुन्हा केली. पोट निम्म्याहून जास्त सुधारलं होतं, रात्रीची झोप परत आली होती, आणि अहवालात विविधता ५४वरून ४७! पुन्हा नऊ हजार गेले. त्या पैशात वर्षभराची ज्वारी आली असती. घरात कमावणारी मी एकटी, त्यामुळे हे अजून सलतं.

कुणाला शौचात रक्त, विनाकारण वजन घटणं, ताप किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर आंबील-वहीत एक दिवसही घालवू नका, थेट डॉक्टर गाठा. प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

आजची स्थिती: कच्चा कांदा अजून बंद, लसूण फोडणीपुरता. गेल्या महिन्यात शेंगा चटणी आणि कडक भाकरी पोटभर खाल्ली, काही झालं नाही. लग्नातल्या पुरी-बासुंदीनंतर मात्र दोन दिवस जड गेले, तेही वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या आठवड्यापासून मोड आलेली मटकी, शिजवून, अर्ध्या वाटीने सुरू करतेय.