ग्रीन एफडी: तीन स्टार, त्यातला एक बाबांमुळे

बाबांची एक जुनी एफडी गेल्या महिन्यात मॅच्युअर झाली, ४ लाखांची. बाबा मुंबई पालिकेच्या लेखा खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे आमच्या घरी एफडी म्हणजे लग्न जमवल्यासारखा विषय असतो, कुठली बँक, किती दिवस, व्याज तिमाहीला की शेवटी, सगळं वहीत लिहिलेलं. यावेळी मी हट्ट धरला की ग्रीन एफडी करून बघूया. बँकेचं नाव टाकत नाही, खातं अजून तिथेच आहे आणि पासबुक भरून आणायला जाणं हा बाबांचा आठवड्यातला ठरलेला कार्यक्रम आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून ग्रीन डिपॉझिटचे नियम लागू केलेत. या नावाखाली बँकेने पैसे घेतले तर ते सौर-पवन ऊर्जा, सार्वजनिक वाहतूक, पाणी, कचरा असल्या कामांनाच वापरायचे. कोळसा-तेल काढणारे, दारू, तंबाखू, शस्त्रं, जुगार यांना त्यातून एक पैसा द्यायचा नाही, आणि पैसे कुठे गेले ते दरवर्षी बाहेरच्याकडून तपासून घ्यायचं. बाकी एफडी नेहमीसारखीच, बँक बुडाली तर मिळणारा ५ लाखांपर्यंतचा विमाही तोच. कुठल्याही बँकेला ही स्कीम काढायची सक्ती मात्र नाही.

आता सर्व्हिस. चेंबूरची शाखा, सकाळी सव्वादहाला टोकन घेतलं, नंबर ३१. काउंटरवरचं पेन सुतळीने बांधलेलं आणि रिफिल संपलेली, म्हणजे पेन चोरीला जाऊ नये याची काळजी आहे, लिहिता यावं याची नाही. नंबर लागल्यावर म्हटलं ग्रीन एफडी करायचीय, तर समोरची मुलगी म्हणाली "ग्रीन म्हणजे काका सिनियर सिटिझनवाली ना?" तिची चूक नाही हो, तिला कोणी सांगितलेलंच नाही. तिने आत विचारलं, आतल्याने हेड ऑफिसला फोन लावला, तोपर्यंत डेप्युटी मॅनेजर येऊन बाबांना इन्शुरन्स पॉलिसी विकायचा प्रयत्न करून गेले. वय ७१ सांगितल्यावर पण थांबले नाहीत. शेवटी पाऊण तासाने फॉर्म सापडला. नेहमीचाच फॉर्म, वर कोपऱ्यात हिरवं पान छापलेलं.

व्याज साध्या एफडीपेक्षा ०.१० टक्का कमी. बाबांनी तिथेच हिशोब केला, वर्षाला ४०० रुपये. "चारशे रुपये पानाचे?" असं म्हणाले आणि सही केली.

मग मी विचारलं की आमचे पैसे नक्की कोणाला कर्ज म्हणून जाणार. हा प्रश्न त्या शाखेत बहुतेक पहिल्यांदाच आला असावा. उत्तर मिळालं "सर सेफ आहेत." अहो सेफ आहेत ते ठीक, पण कुठे आहेत? ॲन्युअल रिपोर्टमध्ये येतं म्हणाले. घरी येऊन शोधलं, आहे, एका पानाच्या तळाला तक्ता आहे, बराचसा आकडा सौर प्रकल्पांपुढे. एवढं तरी लिहून मिळतं यासाठी एक स्टार. दुसरा त्या मुलीला, शेवटपर्यंत वैतागली नाही.

बाबांचं म्हणणं वेगळं. "अरे सोसायटीची टाकी एकच, तू एका नळाला हिरवा रंग दिलास म्हणून पाणी वेगळं येतं का?" बरोबर आहे. तीच बँक दुसऱ्या हाताने कोळशाला कर्ज देतच असणार. पण निदान या ४ लाखांचा तरी कागद आहे. बाकीच्या टाकीचं तर कोणी विचारतच नाही.

आणि इथे आमची गाडी पालिकेवर गेली. आपल्या पालिकेच्या एफड्या २०२२ च्या आसपास ९० हजार कोटींच्या वर होत्या, नंतर कमी झाल्या तरी आकडा प्रचंडच आहे. २०२५-२६ चं बजेटच ७४,४२७ कोटींचं. आता हे सगळे मोकळे पैसे नाहीत हे बाबा दर दोन वाक्यांनी सांगतात, त्यात पेन्शन-पीएफ आहे, कंत्राटदारांच्या अनामत रकमा आहेत, मोठ्या प्रकल्पांसाठी राखून ठेवलेले आहेत. पण जोपर्यंत बँकेत पडून आहेत तोपर्यंत बँक ते कोणाला तरी देतेच ना! याच पालिकेने मार्च २०२२ मध्ये क्लायमेट ॲक्शन प्लॅन काढला, २०५० पर्यंत नेट झिरो (म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल असं) म्हणे, २०२४ ला क्लायमेट बजेट पण मांडलं. आमच्या गच्चीवरून ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची चिमणी दिसते, माहुलच्या रिफायनऱ्यांच्या बाजूने वारा सुटला की आई कपडे आत घेते. एका हाताने झाडं लावायची आणि दुसऱ्या हाताने ठेवलेले पैसे कुठे जातात ते बघायचंच नाही.

बाबा म्हणाले आमच्या वेळी बँकांकडून दर मागवायचे, जास्त देईल तिच्याकडे एफडी, बँक बुडणार नाही एवढं बघायचं, संपलं. मी म्हटलं मग त्याच कोटेशनमध्ये अजून एक रकाना घाला, कोळसा-तंबाखू-शस्त्रांना किती कर्ज दिलंय तो आकडा लिहा म्हणावं. यावर ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, "रकाना घालता येईल. पण १,००० कोटींवर ०.१० टक्का म्हणजे वर्षाला १ कोटी, ऑडिटवाला विचारेल." विचारू दे की. म्हणून तर निर्णय सभागृहात व्हायला हवा, क्लार्कच्या टेबलावर नाही.

बाहेर झालंय हे. अमेरिकेत सिॲटलच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०१७ मध्ये वेल्स फार्गो बँकेशी व्यवहार तोडायचं एकमताने ठरवलं, डकोटा ॲक्सेस तेलवाहिनीला कर्ज दिलं म्हणून. पण पुढचं पण सांगतो, २०१८ मध्ये शहराला परत त्याच बँकेकडे जावं लागलं कारण दुसरी कोणी त्यांचं काम घ्यायला पुढेच आली नाही. म्हणून एकदम सगळं काढा असं मी म्हणत नाही. ज्या एफड्या दर महिन्याला मॅच्युअर होतात तेवढ्यांपासून सुरू करा, रिन्यू करताना विचारा, आकडा न देणारी बँक मागे. मुंबईएवढं गिऱ्हाईक कोणती बँक सोडेल?

तर तिसरा स्टार बाबांचा, कारण पालिकेने हा रकाना घालावा या अर्जाचा मसुदा त्यांनीच लिहिला, खास पालिकेच्या भाषेत, "उपरोक्त विषयास अनुसरून" वगैरे. नगरसेवकाच्या ऑफिसात द्यायला गेलो तर रजिस्टर घेऊन बसलेल्या पोराने विचारलं, विषय काय लिहू, पाणी, गटार की रस्ता? बाबा म्हणाले "ठेवी". त्याने "इतर" लिहिलं आणि शिक्का मारून दिला. झेरॉक्स वहीत लावलीय, एफडीच्या पावतीच्या मागच्या पानावर.

कोणी ही एफडी करायला जाणार असेल तर आपलं पेन न्या, आणि घरी सिनियर सिटिझन असतील तर व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म त्याच दिवशी भरून या, आम्हाला त्यासाठी परत टोकन घ्यावं लागलं. यावेळी नंबर ४४.