दंडावरचा शुगर सेन्सर : दादासाठी पैसे वसूल, माझ्यासाठी हौस

दंडाच्या मागच्या बाजूला छोटी गोल चकती चिकटवायची, मोबाईलमध्ये ॲप टाकायचं, की चौदा दिवस बोट न टोचता शुगर दिसते. एकाला पाच हजारांच्या आसपास पडतात, म्हणजे महिन्याला दोन. आमच्या घरात हा सेन्सर एकाच वेळी दोघांनी लावला. मी फैजपूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, गोळीवर भागणारा साधा डायबेटिसवाला. मोठा भाऊ, आमचा दादा, केळी भरलेल्या ट्रॉलीवरून पडला, मानेचा मणका मोडला आणि आतला मज्जारज्जूही गेला. तेव्हापासून व्हीलचेअर. पुढे डायबेटिस लागला, आता इन्सुलिन चालू आहे. रक्तातली साखर मुख्यतः स्नायू ओढून घेतात, आणि त्याच्या मांड्या-पोटऱ्या तर वाळून गेल्या.

आधी माझं सांगतो. आखाजीला आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाल्ली, ॲपमधली शुगरची रेघ सरळ वर. कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं, जेमतेम हलली. यासाठी पाच हजार कशाला, आमची बायको फुकट सांगते.

एक गोष्ट मात्र बघण्यासारखी होती. बांधाच्या वादाची तारीख होती. पोटात नुसता कोरा चहा, तोही बिनसाखरेचा. समोरच्या पार्टीचा माणूस बोलायला लागला आणि माझी शुगर 128 वरून 171 वर गेली. दादा शेजारीच बसलेला, शिव्या त्याने माझ्यापेक्षा जास्त हासडल्या, पण त्याची रेघ जवळपास आडवीच. एका तारखेवरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळतं. तरी फिजिओथेरपी शिकणाऱ्या पुतणीला विचारलंच, आणि तिने जे सांगितलं ते माझ्या धंद्यातलं निघालं.

राग आला, भीती वाटली किंवा शुगर खाली गेली, की मेंदूतला हायपोथॅलॅमस हुकूम सोडतो. तो मज्जारज्जूतून खाली येतो, छातीच्या मणक्यांपाशी बाहेर पडतो आणि किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना व लिव्हरला पोचतो. ॲड्रेनालिन सुटतं, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. दादाचा रज्जू मानेतच तुटलाय. स्टार्टर चालू, विहिरीतली मोटारही चांगली, मधली केबल गेलेली! 1849 साली क्लोद बर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूच्या मागच्या भागात सुई टोचली, तर सशाच्या लघवीत साखर उतरली. तेव्हापासून या वायरिंगचा माग लागलाय. सगळंच काही बंद होत नाही म्हणा. व्हेगस ही नस मेंदूतून निघून मज्जारज्जूला वळसा घालून थेट पोटात जाते, ती दादाची शाबूत आहे. शुगर उतरली की स्वादुपिंड आपलं आपणही ग्लुकागॉन, म्हणजे साखर वाढवणारं हार्मोन, सोडतं.

पण धोक्याची घंटा गेली ती गेलीच. माझी शुगर 70 च्या खाली आली तर हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो, मी खिशातली साखरेची गोळी तोंडात टाकतो. दादाला यातलं जवळजवळ काहीच होत नाही. एकदा दुपारी वहिनी ताट घेऊन आली तर हा पेंगलेला, बोलणं जड. बोट टोचलं तर 46. गूळपाणी पोटात गेल्यावर म्हणतो, "अरे भो, मला काही होतच नव्हतं, नुसती झोप येत होती." बरं, त्याच्या कपाळावर घाम दिसला तर शुगरच्या आधी लघवीची नळी कुठे दुमडली का ते बघायचं, मूत्राशय तुंबलं तरी त्याला घाम येतो आणि बीपी चढतं. अशा माणसाचा सेन्सर शुगर उतरली की पोंपों करून घर उठवतो, मग पाच हजार महाग म्हणवत नाहीत.

आता खोड्या. मे महिन्यात माझा सेन्सर घामाने तिसऱ्याच दिवशी कडेने सुटला, वरून पट्टी मारावी लागली. दादाचा घट्ट, कारण त्याला मानेखाली घामच येत नाही. (म्हणून उन्हाळाभर त्याच्यापुढे कूलर आणि अंगावर ओला पंचा. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि त्याहून जास्त तापमानात सेन्सर वापरू नका असं पत्रकातच छापलंय.) एक सेन्सर मध्येच मुका झाला. कस्टमर केअरला फोन लावला तर आधी हिंदी, मग इंग्रजी, मग सीरियल नंबर, मग फोटो पाठवा. बदलून दिला, पण तोवर पुन्हा बोट टोचायच्या स्ट्रिपा. मोबाईल ओसरीवर राहिला आणि दादा आतल्या खोलीत असला की कनेक्शन तुटतं, अलार्म वाजतच नाही.

सगळ्यात वैताग रात्रीचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दादाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. सेन्सरचा दंड अंगाखाली दाबला गेला की आकडा खोटाच खाली पडतो आणि अख्खं घर जागं. दंडाखालून उशी सरकवली की थांबतं. तरी काही खायला देण्याआधी ग्लुकोमीटरवर एक थेंब बघतोच, मशीन घरात ठेवाच. फक्त माणूस पेंगलेला, बोलणं अडखळणारं असलं तर टोचत बसत नाही.

गोळीवर असाल, हातपाय धडधाकट असतील, तर डॉक्टर म्हणाले तर एखादा लावून बघा, दर महिन्याला नको. माझा संपल्यावर मी दुसरा आणला नाही. मानेला किंवा छातीच्या वरच्या मणक्याला मार आहे आणि इन्सुलिन चालू आहे, तिथे मात्र डॉक्टरांशी बोलून घ्याच. सेन्सरचा लो अलार्म मुळात 70 वर असतो. आम्ही डॉक्टरांना विचारून दादाचा 85 वर ठेवलाय. सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, पाच-दहा मिनिटं मागेच असतो, आणि वहिनीला गोठ्यातून हात धुऊन आत यायला तेवढीच मिनिटं लागतात.