निकॉन डी३५००: आठ महिने वापरल्यानंतर, मुख्यतः मीटरिंगबद्दल

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी हा कॅमेरा सेकंडहँड घेतला. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, त्यात जात नाही. लिहायचंय ते मीटरिंगबद्दल, म्हणजे कॅमेरा उजेड मोजून फोटो किती उजळ घ्यायचा ते ठरवतो त्याबद्दल, कारण त्यापायी मला साडेसहाशे रुपयांचा भुर्दंड बसला.

नंदीध्वजांच्या मिरवणुकीत भर उन्हात दोनशेच्या वर फोटो काढले. जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या बाराबंदी. घरी काकांनी स्वतःचा फोटो बघितला आणि म्हणाले, "आरं, कालच धुतलेली बाराबंदी अशी मळकी का दिसालीय?" खरंच, सगळे राखाडी. मी तडक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने सेन्सर साफ करून पैसे घेतले, फोटो जसेच्या तसे. परत गेलो तर म्हणे मीटर बदलावं लागेल. मीटरिंग कुठल्या मोडवर होतं, एवढं तरी विचारायचं!

मग घरीच खिडकीपाशी पांढरा टेरी टॉवेल ठेवला, शेजारी आजीचं काळं घोंगडं. मॅट्रिक्स मीटरिंग (सगळ्या फ्रेमचा उजेड मोजणारं), ए मोड (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), दोन्हींचे फ्रेम भरून वेगवेगळे फोटो. दोन्ही जवळजवळ एकाच राखाडी रंगाचे आले! कापड पांढरं की काळं हे मीटरला कळत नाही. त्याच्यावरून परत येणारा उजेड ते मधल्या राखाडीवर आणून ठेवतं. शटरजवळचं, फोटो उजळ-गडद करायचं प्लस-मायनसचं बटण दाबून चाक फिरवत गेलो. +१ ला टॉवेल उजळला, +१.७ ला पांढराशुभ्र, आणि त्याच्या धाग्याचा एकेक लूप मोजता येईल असा. +२.३ ला लूप गायब, नुसता पांढरा डाग. घोंगड्याला उलट मायनसमध्ये जावं लागलं, तेव्हा कुठे ते काळं दिसलं. ग्रे कार्ड (उजेड मोजायला वापरतात तो राखाडी पुठ्ठा) विकत घ्यायची गरज पडली नाही, टॉवेल घरचाच.

फेब्रुवारीत मी मित्रांना सांगत होतो, स्पॉट मीटरिंगच वापरा. ते आता मागे घेतो. यात स्पॉट फ्रेमचा जेमतेम अडीच टक्के भाग मोजतो, तोही निवडलेल्या फोकस पॉइंटभोवतीचा. पॉइंट गालावर असला तर चेहरा नीट येतो. जरासा सरकून पांढऱ्या टोपीवर गेला की चेहरा काळवंडतो. गर्दीत ते सांभाळणं शक्य नाही. तिथे मॅट्रिक्स आणि +१ बरं. सिद्धेश्वर तळ्याकाठी मावळता सूर्य पाठीशी घेऊन कुणी उभं असेल, तर मात्र स्पॉट गालावर धरायचा, एई-एल (मोजलेला उजेड तसाच धरून ठेवणारं बटण) दाबून ठेवायचं, मग फ्रेम जुळवायची. या कॅमेऱ्यावर मी सगळ्यात समाधानी आहे तो अशाच फोटोंत.

एक लक्षात ठेवा: ए मोडमध्ये लावलेलं +१ कॅमेरा बंद केला तरी तसंच राहतं. मी विसरलो आणि दुसऱ्या दिवशी आईच्या पिवळ्या इरकलीचे काठच पांढरे पडून उडाले. आता पिशवीत ठेवताना आधी शून्यावर आणतो. काकांचा तो फोटो राखाडीच राहिलाय. येत्या संक्रांतीला परत काढायचा आहे.