दहावीचं गणित-विज्ञान घरी: दीक्षा, खान अकॅडमी की यूट्यूब?

राज्य मंडळाच्या दहावीचा अभ्यास क्लास न लावता घरीच करायचा असेल, तर फुकट साहित्य हवं तितकं मिळतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांनाही हे लागू आहे. अडचण निवडीची आहे. कोणतंही ठिकाण पसंत करण्याआधी दोन गोष्टी तपासा: ते आपल्या पाठ्यपुस्तकाशी जुळतं का, आणि उत्तर चुकलं तर कुठे चुकलं हे तिथल्या तिथे कळतं का. दोन्ही एकाच जागी पुरेपूर मिळत नाहीत, म्हणून निदान दोन ठिकाणं लागतातच.

पाया ई-बालभारतीचा, म्हणजे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या संकेतस्थळाचा. तिथून चालू वर्षाच्या पुस्तकाची पीडीएफ मोफत उतरवता येते. एकदा उतरवली की नेट लागत नाही. छापील पुस्तक हातात असेल तर तेच वापरा; भूमितीची आकृती छोट्या स्क्रीनवर सतत मोठी-लहान करत बसणं त्रासाचं होतं.

दीक्षा या सरकारी शिक्षण अॅपचं मोठं बलस्थान म्हणजे पुस्तकाशी असलेली थेट जोड. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा क्यूआर कोड डिजिटल पुस्तकाकडे नेतो, पाठातला कोड त्या पाठाच्या दृकश्राव्य साहित्याकडे. अॅपमध्ये आधी मंडळ, माध्यम आणि इयत्ता नीट निवडा. माध्यम चुकलं की भलतंच साहित्य समोर येतं. कोड पुसट झाला असेल किंवा कॅमेरा तो घेत नसेल, तर कोडाखाली छापलेली सहा अक्षरं-अंक हाताने टाकले तरी चालतं. व्हिडिओ अॅपमध्येच उतरवून ठेवता येतो. उणीव दर्जाची आहे: एका पाठाला उत्तम समजावणी मिळते, तर दुसऱ्याला जेमतेम ओळख. सरावाचे प्रश्नही थोडेच असतात.

सरावात खान अकॅडमी या मोफत शिक्षण-संकेतस्थळाला तोड नाही, आणि जाहिराती मुळीच नाहीत. उत्तर टाकताच बरोबर की चूक ते कळतं, अडलं तर पायरीपायरीने इशारा मिळतो. इशारा घेतला की तो प्रश्न चुकीचा धरला जातो. मुलं त्यावर वैतागतात, पण ही शिस्त हिताची आहे. प्रत्येक घटकात प्रगतीच्या पातळ्या असतात; वरची पातळी केवळ एका सरावाने मिळत नाही, पुढच्या चाचण्यांतही ते गणित पुन्हा यावं लागतं. त्यामुळे आज जमलेलं दोन आठवड्यांनी टिकलं का हे समजतं.

मात्र इथला भारतीय दहावीचा गणिताचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत चालणाऱ्या पुस्तकांवर बेतलेला आहे, आणि घरी अभ्यास करणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते. बीजगणितातलं जीएसटी आणि शेअर्सचं 'अर्थनियोजन' हे प्रकरण आणि रेषीय समीकरणांसाठीची क्रेमरची पद्धत एनसीईआरटीच्या दहावीत नाही. भूमितीत वर्तुळाच्या प्रकरणातली अंतर्लिखित कोनाची आणि स्पर्शिका-छेदिकेची प्रमेयं आपल्याकडे दहावीला आहेत, तिथे नाहीत. भौमितिक रचनांचं प्रकरण आणि शंकूछेद तर एनसीईआरटीने दहावीतून वगळले आहेत. म्हणजे तिथे सगळं पूर्ण झाल्याची खूण दिसली, तरी आपल्या पेपरचा मोठा तुकडा हातही न लावता राहिलेला असू शकतो. वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमितीसाठी मात्र खुशाल वापरा. सेमी-इंग्रजीच्या मुलांना इथली इंग्रजी सोपी जाते. मराठी माध्यमाच्या मुलांनी हिंदी आवृत्ती घेतली तर परिभाषा बदलते, तेव्हा पुस्तकातले शब्द शेजारी लिहून ठेवा.

वगळलेल्या प्रकरणांसाठी यूट्यूब कामाला येतं. राज्य मंडळाच्या शिक्षकांचे मराठी व्हिडिओ तिथे विपुल आहेत. फक्त तारीख बघा. सध्याचं दहावीचं पुस्तक 2018 चं आहे, त्याआधीचे व्हिडिओ जुन्या पुस्तकावरचे. 2020-21 मध्ये अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला होता, त्यामुळे त्या वर्षीच्या व्हिडिओंत आणि प्रश्नसंचांत काही घटक गाळलेले सापडतात. व्हिडिओची प्रत 360 वर ठेवा: तासाला साधारण 300 एमबी लागतात, 720 वर गेलात तर एका तासात दिवसाचा दीड जीबी संपत येतो. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा. उदाहरण सोडवायला सुरुवात झाली की व्हिडिओ थांबवून आधी स्वतः वहीत सोडवा. नुसतं पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि वही कोरी राहते.

विज्ञानाला व्हिडिओपेक्षा फेट (PhET) हे संकेतस्थळ बरं. कोलोरॅडो विद्यापीठाने 2002 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आहे. त्यातली अनेक सदृशीकरणं (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) उतरवून नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. 'भिंगे व त्यांचे उपयोग' या प्रकरणात वस्तूची जागा बदलली की प्रतिमा कुठे आणि कशी पडते, याचा तक्ता मुलं पाठ करतात. तिथे वस्तू दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडून हळूहळू भिंगाकडे सरकवा, प्रत्येक जागी प्रतिमा पाहा आणि तक्ता स्वतः भरा. रासायनिक समीकरणं संतुलित करायचंही एक सदृशीकरण आहे. जीवशास्त्राच्या भागाला फेटचा फारसा उपयोग नाही.

फोन घरात एकच असेल आणि नेट बेताचं असेल, तर दीक्षा आणि पुस्तक. आठवड्याचे व्हिडिओ एकदाच उतरवून ठेवा. रोज अर्धा तास नेट मिळत असेल तर तो खान अकॅडमीच्या सरावाला द्या. गणित मुळात कच्चं असेल तर तिथेच सातवी-आठवीचे अपूर्णांक आणि बैजिक राशी आधी उरका, थेट दहावीला हात घालू नका.

एक काम यांतलं कुठलंच साधन करत नाही: लिहिलेली सिद्धता तपासणं. गणिताचे 40-40 गुणांचे दोन पेपर असतात आणि गुण पायऱ्यांना मिळतात. 'पक्ष', 'साध्य', प्रत्येक विधानापुढचं कारण हे वहीतच तपासावं लागतं. त्यासाठी आठवड्यातून एकदा ओळखीच्या गणिताच्या शिक्षकांना भूमितीची दोन-तीन पानं दाखवा. फोटो पाठवायचा तर पूर्ण पानाचा पाठवा, नुसत्या उत्तराचा नको.