गोवरच्या साथीत आरोग्य विभागाची सर्व्हिस: फोनवाल्या सिस्टरना पैकीच्या पैकी, हेल्पलाइन नापास

पोरीच्या वर्गात गोवरची केस निघाली आणि आरोग्य विभागाशी पहिल्यांदाच एवढा संबंध आला, म्हणून लिहितेय. एरवी आपण सरकारी ऑफिस म्हटलं की नाक मुरडतो, पण इथे प्रकरण जरा वेगळं निघालं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्पीड. डॉक्टरांनी संशय कळवला आणि लॅबचा रिपोर्ट यायच्या आतच आम्हाला फोन आला. मी म्हटलं, मॅडम आधी कन्फर्म तर होऊ दे, तर त्या म्हणाल्या संपर्कात आलेल्यांना लस द्यायची तर ७२ तासांच्या आत द्यायला लागते, रिपोर्टची वाट बघत बसलो तर तो वेळ हातचा जातो. ज्यांना लस चालतच नाही, म्हणजे अगदी तान्ही बाळं, गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी झालेले पेशंट, त्यांना धोका असेल तर अँटिबॉडीचं इंजेक्शन असतं आणि ते ६ दिवसांत द्यावं लागतं. हे ऐकल्यावर आमची वाद घालायची खाज मिटली. पोरीचा दुसरा डोस राहिला होता, तो लगेच देऊन टाकला.

मग प्रश्नांची सरबत्ती. कोण कुठे बसतं, बसमधे शेजारी कोण, घरात बाळ आहे का, लसीचं कार्ड आहे का. आजारी मुलाच्या घरच्यांना तर पुरळ यायच्या ४ दिवस आधीपासूनचं सगळं विचारलं म्हणे, कारण पेशंट तेव्हापासूनच पसरवत असतो, आणि पुरळ आल्यावर आणखी ४ दिवस. दवाखान्याच्या वेटिंग रूममधे किती वाजता बसला होता हेही विचारलं, कारण हा विषाणू पेशंट उठून गेल्यावरसुद्धा २ तासांपर्यंत खोलीतल्या हवेत राहू शकतो!! म्हणजे ज्यांनी त्या मुलाला पाहिलंही नाही अशा लोकांनाही फोन गेले. पोलीस चौकशीच वाटते, पण नीट बोलतात.

पालकांच्या ग्रुपवर मात्र वेगळाच गोंधळ. कोण पोरगं आहे नाव सांगा, आणि वर्गात फवारणी का नाही केली. नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मला ते शंभर टक्के पटलं, उद्या आपलं पोरगं असतं तर? आणि फवारणी म्हणजे निव्वळ लोकांच्या समाधानासाठी, गोवर काही डासांमुळे होत नाही. खिडक्या उघडा, आजारी मुलाला घरी ठेवा, कार्डं तपासा एवढंच सांगून गेले ते. लोकांना धूर दिसला की काम झाल्यासारखं वाटतं, त्याला कोण काय करणार.

एका मुलाचं ब्लड सॅम्पल निगेटिव्ह आलं तरी त्याला सोडलं नाही, पुन्हा घेतलं. पुरळ आल्यावर पहिल्या ३ दिवसांत घेतलेल्या रक्तात अँटिबॉडी कधी कधी सापडत नाही म्हणे. हे मला फार आवडलं, नाहीतर निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं समजून पोरगं शाळेत हजर झालं असतं.

आता तक्रारी. हेल्पलाइन कायम बिझी, लागली तर होल्डवर, आणि उचलणाऱ्याला आमच्या शाळेचं काही माहीतच नाही. तीच माहिती दोन वेगवेगळ्या लोकांनी पुन्हा विचारली, अरे तुमची यादी एकच ठेवा ना. पालकांना आलेलं पत्र तर वाचवत नाही, "संपर्कितांनी सूचनांचे अनुपालन करावे" वगैरे. ज्यांनी लस घेतलेली नाही आणि वेळेत डोसही झाला नाही त्या मुलांना शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस घरी ठेवायचं, ही सगळ्यात महत्त्वाची ओळ पार तळाशी बारीक अक्षरात! नोकरी करणाऱ्या आईबापांचं २१ दिवस काय होणार याबद्दल अवाक्षर नाही. एका घरी याच्यावरून केवढी भांडणं झाली. पत्र साध्या भाषेत आणि दोन दिवस आधी आलं असतं तर ग्रुपवरच्या निम्म्या अफवा उठल्याच नसत्या.

आणि साथ संपली हे कळवायची पद्धतच नाही बहुतेक. शेवटच्या केसनंतर ४२ दिवस नवीन केस नसेल तर संपली धरतात, हे मला त्या सिस्टरनाच पुन्हा गाठून विचारल्यावर कळलं. शाळेला तोंडी निरोप, पालकांना काहीच नाही.

एकूण साडेतीन स्टार. फिल्डवरच्या लोकांमुळे साडेतीन, ऑफिसमधे बसून पत्र लिहिणाऱ्यांमुळे दीड कमी. तुम्हाला असा फोन आला तर तो मार्केटिंगवाला समजून कट करू नका, खात्री करायची असेल तर विभागाच्या अधिकृत नंबरवर उलटा फोन करून बघा (लागला तर!) आणि लसीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमधे ठेवा, कारण पहिल्या मिनिटाला तेच मागतात.